लाल-पिवळ्या-हिरव्या तक्त्यापलीकडे: बहुराष्ट्रीय कंपनीने अनिश्चित काळातली जोखीम कशी हाताळावी

बहुतेक कंपन्यांच्या जोखीम समितीपुढे एक रंगीत तक्ता येतो. एका बाजूला परिणाम, दुसऱ्या बाजूला शक्यता, आणि वरच्या कोपऱ्यात लाल रंगाचा एक ठिपका : 'भूराजकीय जोखीम'. समिती तो बघते, मान डोलावते आणि पुढच्या विषयाकडे वळते. पर्चेस खात्याने सोमवारी कोणाला फोन करायचा, ट्रेझरीने किती युरो विकायचे, यातलं काहीही त्या ठिपक्यावरून कळत नाही.

सेबीच्या नियमांनुसार बाजारमूल्याने पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना जोखीम व्यवस्थापन समिती नेमावी लागते आणि तिच्या वर्षाला किमान दोन बैठका घ्याव्या लागतात. नियमाला तेवढं पुरतं, धंद्याला पुरत नाही. ६ मार्च २०२४ ला इजिप्तच्या मध्यवर्ती बँकेने पौंड मोकळा सोडला आणि डॉलरचा भाव एका दिवसात ३१ पौंडांवरून ५० च्या आसपास गेला. सहा महिन्यांनी भरणाऱ्या बैठकीला त्यात करण्यासारखं काय उरतं?

म्हणून सुरुवात जोखमींच्या नावांपासून करू नये. आधी आपला पैसा, माल आणि परवानग्या कोणकोणत्या वाटेने जातात ते लिहून काढावं, मग त्या वाटा कुठे तुटू शकतात ते बघावं, आणि तुटल्यावर कोणाला न विचारता काय करता येईल हे आधीच ठरवून ठेवावं. पुढची सगळी कृती याच क्रमाने आहे. समजायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक कंपनी धरू : मुख्य कारखाना चाकणला, जर्मनीत विकत घेतलेली फोर्जिंग (धातू ठोकून भाग घडवणारी) कंपनी, मेक्सिकोत मशिनिंग युनिट, अमेरिकेत गोदाम असलेली विक्री कंपनी आणि इजिप्तमध्ये वितरण कंपनी. गटाची उलाढाल १२०० कोटी रुपये.

पायरी १ : तीन तक्ते

पहिला तक्ता पैशाचा. प्रत्येक कायदेशीर कंपनीसाठी एक ओळ आणि तिच्यात बँकेतली शिल्लक (कोणत्या बँकेत, कोणत्या चलनात), येणी, देणी, कर्ज, कर्जाला मूळ कंपनीची हमी आहे का, आणि गटातल्याच दुसऱ्या कंपनीकडून येणं-देणं किती. हा शेवटचा रकाना बहुतेक ठिकाणी रिकामा सापडतो, कारण हिशेब खातं एकत्रित ताळेबंदावरून आकडे उचलतं आणि तिथे आंतर-कंपनी व्यवहार एकमेकांत वजा झालेले असतात. येणं-देणं वजा झालं तरी चलनाचा तोटा वजा होत नाही. तो उपकंपनीच्या पुस्तकात बसून राहतो आणि एक दिवस गटाच्या नफ्यात उतरतो.

आपल्या इजिप्तच्या कंपनीचंच बघा. बँकेत आणि ग्राहकांकडून येणं मिळून ३१ कोटी पौंड, आणि चाकणच्या कंपनीला मालाचे ६० लाख डॉलर देणं. ५ मार्चला त्या पौंडांचे कागदोपत्री १ कोटी डॉलर होत होते. देणं भागवून ४० लाख उरत होते. दुसऱ्या दिवशी त्याच पौंडांचे ६२ लाख डॉलर झाले. विक्री घटली नाही, कोणी पैसे बुडवले नाहीत, तरी ३८ लाख डॉलर गेले. शिवाय उपकंपनीने पैसे लांबवले की चाकणची निर्यात बिलं थकतात आणि बँक विचारायला लागते. निर्यातीचे पैसे देशात आणण्याची मुदत रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२५ मध्ये ९ महिन्यांवरून १५ महिने केली, त्याने श्वास घ्यायला जागा मिळाली, पण पैसे उगवले नाहीत. ईसीजीसी या सरकारी निर्यात-पतविमा कंपनीच्या विम्यावर विसंबून असाल तर पॉलिसी उघडून बघा : स्वतःच्याच सहयोगी कंपनीला पाठवलेल्या मालावर व्यापारी जोखमीचं संरक्षण सहसा मिळत नाही, किंवा वेगळ्या अटींवर मिळतं.

दुसरा तक्ता मालाचा. त्यावर पुढे सविस्तर येतं.

तिसरा तक्ता परवानग्यांचा. आपला धंदा कोणाच्या 'हो'वर चालतो? निर्यात परवाना, सॉफ्टवेअरचं लायसन्स, क्लाउड, एलसी (पैसे देण्याचं बँकेचं हमीपत्र) उघडणारी बँक, जहाजाचा विमा, तंत्रज्ञांचे व्हिसा. प्रत्येकासमोर एकच प्रश्न : हा 'हो' कोणत्या देशाच्या कायद्याखाली दिला आहे? हा तक्ता कोणी करत नाही, आणि अलीकडच्या काही वर्षांत सर्वांत अनपेक्षित धक्के याच बाजूने आले आहेत.

तिन्ही तक्ते प्रत्येक उपकंपनीच्या फायनान्स प्रमुखाने स्वतः भरायचे. मुख्यालयातल्या कोणी ईआरपीमधून (गटाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून) काढून पाठवले तर चुकतात, कारण स्थानिक बँकेतली गोठलेली ठेव आणि मोकळी ठेव ईआरपीत एकाच खात्यात दिसते.

पायरी २ : स्वस्त सुट्या भागांपासून सुरुवात करा

पुरवठा साखळीची जोखीम मोजताना पर्चेस खातं सवयीने एबीसी वर्गीकरण उघडतं. जास्त किमतीचा माल 'ए', किरकोळ माल 'सी', आणि सगळं लक्ष 'ए' वर. साठा सांभाळायला ही पद्धत उत्तम आहे. भूराजकीय जोखमीला ती नेमकी उलटी पडते.

नेक्सपेरियाचं प्रकरण घ्या. नेदरलँड्समधली ही कंपनी डायोड, ट्रान्झिस्टर असल्या साध्या चिप बनवते. मालकी चीनच्या विंगटेककडे. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस डच सरकारने जुना आणीबाणीचा कायदा वापरून कंपनीच्या कारभारावर ताबा मिळवला, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला चीनने आपल्या देशातल्या तिच्या कारखान्यातून होणारी निर्यात थांबवली. वेफर (ज्यांतून चिप कापतात त्या चकत्या) युरोपात बनतात, पण त्यांचं पॅकेजिंग मोठ्या प्रमाणावर चीनमधल्या डोंगग्वानला होतं, त्यामुळे युरोपीय कंपनीचा माल युरोपीय कारखान्यांना मिळेना. होंडाला मेक्सिकोतल्या सेलाया इथला कारखाना थांबवावा लागला. ज्या चिपसाठी गाडी अडली तिची किंमत गाडीच्या किमतीत दिसतही नाही.

त्याच वर्षी ४ एप्रिलला चीनने सात दुर्मिळ मृदा धातूंच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. अंतिम वापर काय, हे प्रमाणपत्रासह सिद्ध करावं लागू लागलं. पुण्याच्या बजाज ऑटोला चेतक या इलेक्ट्रिक स्कूटरचं उत्पादन कमी करावं लागलं. चुंबक हा मोटरमधला एक घटक, पण त्याच्याशिवाय मोटर नाही.

तेव्हा बीओएम (वस्तूला लागणाऱ्या सगळ्या भागांची यादी) घ्या आणि किमतीचा रकाना झाकून टाका. प्रत्येक भागासमोर चार गोष्टी लिहा :

- तो नसेल तर उत्पादनाची लाइन किती तासांत थांबते;
- दुसऱ्या पुरवठादाराचा भाग ग्राहकाकडून मंजूर करून घ्यायला किती आठवडे लागतात (गाड्यांच्या सुट्या भागांत हे सहा ते बारा महिनेही असू शकतं);
- तो शेवटी कुठे तयार होतो, आणि त्याआधीचा टप्पा कुठे होतो;
- या सगळ्या टप्प्यांवर मालकी कोणाची.

पहिला आकडा लहान आणि दुसरा मोठा असेल तो भाग धोक्याचा, मग त्याची किंमत चार रुपये का असेना. अशा भागांचा तीन-चार महिन्यांचा साठा ठेवायला फारसे पैसे लागत नाहीत. चार रुपयांचा भाग महिन्याला दोन लाख नग लागत असेल तर चार महिन्यांचा साठा ३२ लाखांचा. एक दिवस लाइन थांबण्याचा खर्च त्याहून जास्त असतो, ग्राहकाने लावलेला दंड वेगळा.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे 'आमचे दोन पुरवठादार आहेत' असं समाधान. एक पिंपरीचा, एक छत्रपती संभाजीनगरचा, आणि दोघेही तीच चिप किंवा तेच चुंबक एकाच ठिकाणाहून आणतात. पुरवठादाराला फॉर्म पाठवून हे कळत नाही, कारण तो आपला स्रोत सांगायला कचरतो. गोपनीयतेचा करार करा, आणि सगळ्या भागांबद्दल न विचारता फक्त धोक्याच्या तीस-चाळीस भागांबद्दल विचारा. उत्तर मिळतं.

वाहतुकीचा हिशेबही इथेच करायचा. नोव्हेंबर २०२३ पासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि न्हावाशेव्याहून युरोपला जाणारे बहुतेक कंटेनर केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागले. साधारण १० ते १४ दिवस जास्त. लोक भाड्याची वाढ मोजतात आणि थांबतात. पण समुद्रात अडकलेला माल हेही खेळतं भांडवलच आहे. युरोपची निर्यात वर्षाला २४० कोटी धरली तर दिवसाला ६५.७५ लाख, आणि १४ दिवसांचे ९.२ कोटी रुपये कायमचे पाण्यावर. १० टक्के व्याजाने वर्षाचे ९२ लाख. त्यातही खरी अडचण व्याजाची नाही : बँकेची मर्यादा आधीच भरलेली असेल तर ते ९.२ कोटी आणायचे कुठून?

पायरी ३ : चलन

चलनाची जोखीम तीन प्रकारची असते आणि तिन्ही एकत्र केल्या की हिशेब बिघडतो. झालेल्या व्यवहारांची येणी-देणी ही पहिली. परदेशी उपकंपनीची पुस्तकं रुपयात मांडताना दिसणारा फरक ही दुसरी, आणि तिच्यात प्रत्यक्ष पैसा हलत नाही. तिसरी म्हणजे येन स्वस्त झाला म्हणून जपानी स्पर्धकाने भाव पाडणं. फॉरवर्ड करारांनी (पुढच्या तारखेचा भाव आजच बँकेशी ठरवणाऱ्या) फक्त पहिली हाताळायची.

पद्धत सरळ आहे. पुढच्या बारा महिन्यांची प्रत्येक चलनातली येणी आणि देणी महिन्यावार मांडा, आंतर-कंपनी धरून. समजा एका तिमाहीत १.८ कोटी युरो येणार, ७० लाखांची खरेदी आणि ३० लाखांचा कर्जाचा हप्ता जाणार. निव्वळ उरले ८० लाख. हेजिंग (भाव असा आधीच बांधून घेणं) ८० लाखांचं, १.८ कोटीचं नव्हे. मग जिना ठरवा : पहिल्या तिमाहीचे ७५ टक्के, दुसरीचे ५०, पुढच्या सहा महिन्यांचे २५. दर तिमाहीला एक पायरी वर सरकायचं. बाजाराबद्दल कोणाला काय वाटतं याला जागा ठेवायची नाही.

गडबड होते ती अंदाजांवर हेजिंग केल्याने. ग्राहकाचं वेळापत्रक हातात होतं, पक्की ऑर्डर नव्हती, ट्रेझरीने शंभर टक्के फॉरवर्ड विकून टाकले. मंदीत ग्राहकाने ऑर्डर निम्मी केली, त्याच वेळी रुपया घसरला, आणि न आलेले युरो बँकेला द्यायचे म्हणून करार तोट्यात रद्द करावे लागले. पक्क्या ऑर्डरीपलीकडे ५० टक्क्यांवर जाऊ नये, हा नियम धोरणात लिहूनच ठेवावा.

इजिप्त, नायजेरिया, अर्जेंटिना यांसारख्या देशांत मात्र फॉरवर्ड एक तर मिळत नाही किंवा परवडत नाही. तिथे प्रश्न भावाचा कमी आणि पैसे बाहेर काढण्याचा जास्त. नायजेरियाने जून २०२३ मध्ये नायरा मोकळा केला तेव्हा सरकारी भाव डॉलरला ४६०-४७० होता, पुढच्या वर्षीच्या सुरुवातीला तो १५०० च्या पुढे गेला. त्याच जून महिन्यात विमान कंपन्यांचे ८१ कोटी डॉलर त्या देशात अडकल्याचं त्यांच्या संघटनेने सांगितलं होतं. बजाजच्या मोटरसायकलींची नायजेरिया ही सर्वांत मोठी परदेशी बाजारपेठ होती, तिथली विक्री गडगडली. भारती समूहाच्या एअरटेल आफ्रिकेचं वर्ष तोट्यात गेलं.

अशा देशांत नजर ठेवायची ती सरकारी आणि काळ्या बाजारातल्या भावांमधल्या फरकावर. इजिप्तमध्ये २०२४ च्या सुरुवातीला सरकारी ३१ असताना बाहेर ६० च्या वर भाव चालला होता. म्हणजे अवमूल्यन होणार हे उघड होतं, फक्त तारीख ठाऊक नव्हती. हा फरक २० टक्क्यांवर गेला की स्थानिक चलनात उधारी बंद, शिल्लक महिन्याच्या खर्चाइतकीच, आणि खेळतं भांडवल स्थानिक बँकेकडून स्थानिक चलनात उचलायचं. येणं आणि देणं एकाच चलनात असलं की चलन पडताना दोन्ही सोबत पडतात. लाभांश दर वर्षी काढा, 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून साठवू नका. रॉयल्टी आणि तांत्रिक सेवेचे करार तिथल्या सरकारकडे आधीच नोंदवा. नायजेरियात ही नोंदणी नसेल तर त्या नावाने सरकारी भावाचे डॉलर मिळत नाहीत. काही कंपन्या अडकलेल्या पैशातून तिथला तीळ किंवा कॉफी घेऊन निर्यात करतात. मार्ग आहे, पण कॉफीच्या धंद्याची जोखीम फुकटात गळ्यात पडते, तेव्हा शेवटचा.

पायरी ४ : आयातशुल्क आणि मालाचं मूळ

ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरचं अमेरिकी शुल्क ७ तारखेला २५ टक्के आणि २७ तारखेला ५० टक्के झालं. तेव्हा गाड्यांच्या सुट्या भागांचे अनेक निर्यातदार घाबरले, आणि त्यातल्या काहींना घाबरायचं कारण नव्हतं : प्रवासी गाड्यांच्या ठरावीक भागांवर वेगळ्या कलमाखाली २५ टक्के आधीच लागू होतं आणि त्यावर हे नवं चढत नव्हतं. दुसऱ्या काहींच्या मालातल्या पोलाद-ॲल्युमिनियमच्या मूल्यावर जूनपासूनच ५० टक्के होतं आणि त्यांना ते बिल आल्यावर कळलं. धातूच्या बाबतीत तर पोलाद कोणत्या देशात वितळवून ओतलं याचीही नोंद द्यावी लागते. मिल सर्टिफिकेट फाइलला नसेल तर सीएचए (कस्टम्सचं काम करणारा एजंट) काही करू शकत नाही.

त्यामुळे प्रत्येक वस्तूसाठी एक ओळ तयार ठेवा : पूर्ण शुल्क-कोड, मूळ देश, धातूचं मूल्य आणि वजन, वितळवल्याचा देश, आयातदार म्हणून नाव कोणाचं, आणि विक्रीची अट एफओबी (माल जहाजावर चढेपर्यंतच आपला खर्च), सीआयएफ (भाडं आणि विमा धरून) की डीडीपी (शुल्क भरून दारापर्यंत). सगळा खेळ शेवटच्या दोन रकान्यांत आहे. एफओबी किंवा सीआयएफमध्ये शुल्क खरेदीदाराच्या माथी. डीडीपीत किंवा आपल्याच अमेरिकी कंपनीच्या नावावर आयात होत असेल तर आपल्या. १०० डॉलरची वस्तू चाकणहून ८० ला अमेरिकी कंपनीला विकली, तर २५ टक्क्यांनी २० डॉलर शुल्क, आणि दहा-बारा डॉलरचा नफा केव्हाच संपला. मग कोणीतरी सुचवतं की ८० चे ६० करू. तसं केलं तर भारतातलं आयकर खातं विचारेल की इथला नफा तिकडे का सारला. ट्रान्सफर प्रायसिंगचा (गटातल्या कंपन्यांनी एकमेकींना लावायच्या किमतींचा) सल्लागार आणि कस्टम्सचा सल्लागार एका टेबलावर बसवल्याशिवाय ही किंमत बदलू नये.

मूळ देशाचं महत्त्व जग्वार लँड रोव्हरच्या उदाहरणात दिसतं. एप्रिल २०२५ मध्ये गाड्यांवर २५ टक्के जादा शुल्क आलं तेव्हा कंपनीने अमेरिकेला गाड्या पाठवणं काही काळ थांबवलं. नंतर ब्रिटनने करार केला : वर्षाला एक लाख गाड्यांपर्यंत १० टक्के. पण डिफेंडर बनते स्लोव्हाकियातल्या नित्रा इथे, तिला ब्रिटनच्या कराराचा काही उपयोग नाही. तिच्यासाठी युरोपीय संघाच्या १५ टक्क्यांची वाट बघावी लागली. मालक टाटा, शोरूम तेच, शुल्क वेगळं. आपला मेक्सिकोचा कारखाना चाकणहून कच्चे फोर्जिंग नेऊन फक्त मशिनिंग करत असेल, तर तो माल मेक्सिकोचा ठरतो की भारताचा याचा लेखी निर्णय अमेरिकी कस्टम्सकडून आधी घ्यावा.

युरोपचं कार्बन शुल्क १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू झालं. पोलाद, ॲल्युमिनियम पाठवणाऱ्यांनी कारखान्यातल्या उत्सर्जनाची पडताळलेली आकडेवारी खरेदीदाराला दिली नाही, तर तिकडे ठोक आकडे धरले जातात आणि ते सहसा महाग पडतात.

पायरी ५ : निर्बंध

निर्बंध घातलेल्या नावांची यादी तपासणं म्हणजे निर्बंधांचं पालन नव्हे. अमेरिकेच्या नियमात यादीतल्या व्यक्तींची मिळून मालकी ५० टक्के किंवा जास्त असेल तर ती कंपनीही निर्बंधाखाली येते, तिचं नाव यादीत नसलं तरी. ३० टक्के एकाची आणि २० टक्के दुसऱ्याची असली तरी बेरीज लागते. म्हणून ग्राहक, वितरक, बँक, जहाज (नावावरून नाही, कायमच्या नोंदणीच्या आयएमओ क्रमांकावरून) आणि त्यांचे अंतिम मालक तपासायचे, पहिल्या ऑर्डरीला आणि मग दर तिमाहीला.

जर्मन उपकंपनीला आणखी एक बंधन आहे. मार्च २०२४ पासून युरोपीय निर्यातदारांना काही संवेदनशील वस्तूंच्या करारात 'रशियाला पुनर्निर्यात नाही' हे कलम घालावं लागतं, आणि त्यातून वगळलेल्या मित्रदेशांच्या यादीत भारत नाही. म्हणजे आपल्याच जर्मन कंपनीने चाकणला पाठवलेल्या अशा संवेदनशील मालालाही ते कलम लागू. आपल्या बाजूने डीजीएफटीची (परदेश व्यापार महासंचालनालयाची) स्कॉमेट यादी, म्हणजे परवान्याशिवाय निर्यात न करता येणाऱ्या संवेदनशील वस्तूंची यादी, आहेच.

टक्केवारीच्या खाली आहोत म्हणून निर्धास्त राहता येत नाही. गुजरातमधल्या वाडीनारची रिफायनरी चालवणाऱ्या नायरा एनर्जीत रशियन तेल कंपनी रोसनेफ्टचा वाटा ४९.१३ टक्के. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने थेट नायराचंच नाव यादीत घातलं. काही दिवसांत मायक्रोसॉफ्टने सेवा थांबवली, कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, आणि मग सेवा परत सुरू झाली. भारतात बसलेली, भारतात तेल विकणारी कंपनी, आणि ईमेल बंद! परवानग्यांचा तिसरा तक्ता यासाठी लागतो. पगाराची यादी, ग्राहकांची येणी, बँकेच्या सह्यांचे अधिकार, वेंडर मास्टर (पुरवठादारांची नोंदवही) एवढं तरी रोजच्या रोज दुसऱ्या देशाच्या कायद्याखालच्या यंत्रणेत किंवा स्वतःच्या सर्व्हरवर उतरत राहिलं पाहिजे.

सायबर हल्ल्याचा धडाही असाच आहे. जून २०१७ चा नॉटपेट्या हा संगणक व्हायरस युक्रेनमधल्या कर भरण्याच्या एका स्थानिक सॉफ्टवेअरमधून शिरला आणि मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं काम कोलमडलं. न्हावाशेव्याचं त्यांचं टर्मिनलही ठप्प झालं. छोट्या देशातल्या उपकंपनीत सरकारने सक्तीचं केलेलं सॉफ्टवेअर असेल तर ते वेगळ्या संगणकावर, वेगळ्या नेटवर्कवर ठेवा. गटाच्या नेटवर्कला ते जोडलंच जाऊ नये.

पायरी ६ : करार आणि विमा

करारातल्या 'फोर्स मेजर' (हाताबाहेरच्या संकटात सूट देणाऱ्या) कलमावर लोक नको तेवढा भरवसा ठेवतात. इंडोनेशियाने कोळशाच्या निर्यातीचे नियम बदलले आणि मुंद्र्याच्या वीज प्रकल्पांचा कोळसा महागला, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. एप्रिल २०१७ चा निकाल स्पष्ट होता : खर्च वाढला म्हणजे करार पाळणं अशक्य झालं असं होत नाही. तेव्हा शुल्क, भाडं, ऊर्जेचे दर यांच्यासाठी वेगळं भाव-पुनर्विचाराचं कलम लागतं, आकड्यासकट : 'शुल्क ५ टक्के अंकांहून जास्त बदललं तर ३० दिवसांत नवा भाव, तोवर वाढ निम्मी-निम्मी.' नुसतं 'सद्भावनेने चर्चा करू' लिहिलं तर वाढ अखेर विक्रेत्याच्याच अंगावर येते.

विम्याच्या पॉलिसीत आधी अपवाद वाचा. मालाचं युद्ध-जोखीम संरक्षण साधारणपणे माल जहाजावर असेपर्यंतच असतं, बंदरातल्या गोदामात नसतं, आणि विमा कंपनी ते सात दिवसांच्या नोटिसीवर काढून घेऊ शकते. उशिरामुळे झालेलं नुकसान त्यात नाही. व्यवसाय-खंड (काम बंद पडल्याच्या नुकसानीच्या) विम्याला बहुधा मालमत्तेचं प्रत्यक्ष नुकसान व्हावं लागतं. पुरवठादाराला निर्यात परवाना मिळाला नाही म्हणून लाइन थांबली तर दावा उभा राहत नाही. लंडनच्या लॉइड्स या विमा बाजाराने ३१ मार्च २०२३ पासून सायबर पॉलिसींत सरकारपुरस्कृत हल्ल्यांचा अपवाद सक्तीचा केला. परदेशातली गुंतवणूक जप्त होणं, पैसे बाहेर काढता न येणं, युद्ध यांसाठी ईसीजीसी आणि जागतिक बँक समूहातल्या मिगा या गुंतवणूक-हमी संस्थेचं संरक्षण मिळतं, पण तणाव सुरू होण्याआधी घेतलं तर. आणि पैसे लगेच मिळतील असं धरू नका : रशियात २०२२ ला अडकलेल्या विमानांबद्दल ती भाड्याने देणाऱ्या एअरकॅपच्या बाजूने लंडनच्या न्यायालयाचा निकाल जून २०२५ मध्ये आला.

पायरी ७ : सगळं एकत्र बिघडलं तर

इथवर एकेक जोखीम सुटी बघितली. प्रत्यक्षात त्या हातात हात घालून येतात. तीन परिस्थिती घ्या, जास्त नकोत, आणि प्रत्येकीत तीन-चार गोष्टी एकदम बिघडवा. उदाहरणार्थ : जहाजं केपमार्गे, मोठ्या जर्मन ग्राहकाने पेमेंट ९० वरून १२० दिवसांवर नेलं, अमेरिकेचं शुल्क २५ टक्क्यांनी वाढलं, इजिप्तचे पैसे आले नाहीत. मग नफा-तोटा पत्रक न मांडता तेरा आठवड्यांचा रोख प्रवाह मांडा, कंपनीवार. नफा टिकलेला असताना सहाव्या आठवड्यात पगाराला पैसे नाहीत असं चित्र इथेच दिसतं.

हे मांडताना कर्जाचे करार शेजारी ठेवा. जर्मन कंपनीने बँकेची एखादी अट मोडली की मूळ कंपनीने दिलेली हमी जागी होते, आणि क्रॉस-डिफॉल्ट कलमामुळे (एक कर्ज थकलं की दुसरंही थकलं असं धरणाऱ्या) चाकणची बँकही कर्ज परत मागू शकते. फेमाखाली (परकीय चलन कायद्याखाली) परदेशी कंपन्यांसाठी दिलेल्या हमीही नक्त मूल्याच्या ४०० टक्क्यांच्या मर्यादेत मोजल्या जातात, त्यामुळे ऐनवेळी आणखी हमी देऊ म्हटलं तर जागा शिल्लक आहे का हेही आताच बघून ठेवा.

पायरी ८ : घंटा कोण वाजवणार

प्रत्येक परिस्थितीसाठी एक खूण, एक कृती, एक नाव. काल्पनिक कंपनीचा तक्ता असा दिसेल :

- इजिप्तमधला समांतर भावाचा फरक २० टक्के : उधारी बंद, स्थानिक फायनान्स प्रमुख, त्याच दिवशी.
- धोक्याच्या भागाचा साठा सहा आठवड्यांखाली : दुप्पट भावाने खुल्या बाजारातून खरेदी, २ कोटींपर्यंत, पर्चेस प्रमुख.
- युद्ध-विम्याचा हप्ता वाढल्याची सूचना : माल रोखायचा की केपमार्गे पाठवायचा, लॉजिस्टिक्स प्रमुख, २४ तासांत.
- दूतावासाने प्रवास टाळायला सांगितलं : माणसं बाहेर काढणं, तिथला व्यवस्थापक, कोणालाही न विचारता.

शेवटच्या ओळीवर वाद होतो. मुख्यालयाला वाटतं, निदान एक फोन तरी करावा. पण विमानतळ बंद होण्याआधीचे काही तास त्या फोनच्या वाट बघण्यात जातात. पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत न ठेवता माणसांकडेच असावेत, आणि दोन आठवड्यांचा खर्च डॉलरमध्ये रोख.

वर्षातून दोनदा हा तक्ता सुट्टीच्या दिवशी, न सांगता चालवून बघा. पहिल्याच खेपेला हमखास सापडतं की बँकेत सहीचे अधिकार असलेले दोघंही एकाच विमानात आहेत.

पायरी ९ : बाहेर पडण्याची वाट

देशात शिरताना बाहेर पडण्याचा कागद तयार करणं अपशकुनी वाटतं, पण तेव्हाच ते स्वस्तात होतं. कार्ल्सबर्ग या डॅनिश बिअर कंपनीने २३ जून २०२३ ला रशियातला बाल्टिका हा धंदा विकण्याचा करार जाहीर केला, आणि महिना व्हायच्या आत, १६ जुलैला, रशियन सरकारने तो आपल्या व्यवस्थापनाखाली घेतला. ओएनजीसी विदेशसह भारतीय तेल कंपन्यांचे लाभांश रशियन बँकांत अडकून राहिले.

कागदात काय असावं : ब्रँड आणि पेटंट उपकंपनीच्या नावावर नसावेत, परवान्याने द्यावेत. गटाचं ईआरपी तिथून तोडायला किती दिवस लागतात ते मोजलेलं असावं. स्थानिक कर्ज मूळ कंपनीच्या हमीशिवाय असावं. कामगारांची देणी आणि कर थकबाकी किती, हा आकडा दर तिमाहीला ताजा असावा, कारण तिथे राहणाऱ्या स्थानिक संचालकांवर त्यासाठी व्यक्तिगत कारवाई होऊ शकते. शून्य किमतीला विकलं तर ताळेबंदावर किती घाव बसतो ते मंडळाला आधीच दाखवलेलं असावं.

रेनॉने मे २०२२ मध्ये ॲव्हटोव्हाझ या रशियन मोटार कंपनीतला आपला हिस्सा नाममात्र एका रूबलला सोडला आणि सुमारे २.२ अब्ज युरो बुडीत दाखवले, पण सहा वर्षांत तो परत विकत घेण्याचा हक्क करारात लिहून घेतला. असा हक्क घेताना तीन गोष्टी कोऱ्या सोडू नका : परत घेताना मधल्या काळात नव्या मालकाने घातलेले पैसे कोण भरणार, किंमत कोणत्या चलनात आणि कोणत्या लेखापरीक्षकाने ठरवायची, आणि वाद झाला तर लवाद त्या देशाबाहेर कुठे बसेल.